पैलवानाच्या गुदगुल्या

मी दारू सोडली तेव्हा सगळ्या गल्लीनं कौतुक केलं, फक्त माझ्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आपले थरथरतच होते. एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. लेकीचं बारसं होऊन आठवडा झालेला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, पोटभर जेवा, वेळ लागेल. बायको म्हणाली, "हात थांबल्याबिगर पोरगी हातात मिळायची न्हाय." असला राग आला म्हणता! माझी लेक, आणि मीच लांबनं बघायचं? पण चहाची बशी उचलली की निम्मा चहा लेंग्यावर. भांडणार कुठल्या तोंडानं?

शेजारच्या तालमीत एक म्हातारे वस्ताद होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. लचकलेली, मुरगळलेली माणसं त्यांच्याकडं यायची, तसा मीही गेलो. त्यांनी मला पालथा पाडला आणि तिळाच्या तेलानं असा रगडला की पाच वर्षांतली सगळी दारू आठवली. "आई गं!" म्हणून ओरडलो, तर म्हणाले, "वरड की! पिताना गात हुतास न्हवं?"

त्या रात्री चांगली झोप लागली. पण तालमीचा रिवाज लई वाईट. मालिश करून घेतली की दुसऱ्याची करायची. माझ्या वाट्याला आला तालमीतला सगळ्यात दांडगा पैलवान. पाठीवर हात ठेवला मात्र, गडी खिदळत लोळायला लागला. "चाचा, ह्यो गुदगुल्या करतोय!" सगळे पोट धरून हसले. मी तेलाची वाटी आपटून घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. न जाऊन करतो काय?

चाचा रोज तेच सांगायचे, "बोटांनी करू नगंस, अंगाचा भार टाक." पैलवान रोज खिदळायचा आणि मी मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. महिना-दीड महिना असा गेला. एका सकाळी मात्र तो हसलाच नाही. बघतो तर घोरतोय! मी आनंदानं चाचांना हाका मारायला लागलो. "हळू बोल," ते म्हणाले, "उठंल त्यो."

तसाच पळत घरी आलो. "हात थांबलं!" बायकोनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "व्हय? मग आधी माझं पाय दाबा."

दाबले. "जरा वर... हां," म्हणाली आणि झोपली. अशी गाढ झोपलेली मी तिला कधी बघितली नव्हती. बघणार कसा? मी येईपर्यंत ती जागीच असायची. लई लाज वाटली.

तेवढ्यात पाळण्यात लेक रडायला लागली. आता बायकोला उठवायचं कसं? मीच उचलली. छातीशी धरली. रडणं थांबलं आणि बायकोला जाग आली. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं. आता पोरगी परत मागणार, असं वाटलं.

"मान धरा नीट," ती म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.