आमच्या घरातल्या मुली झाडू धरत नाहीत

आमच्या घरात केर काढायचं काम पुरुषांचं होतं. हे ऐकून लोक "किती पुढारलेलं घर" म्हणतात, पण त्यात पुढारलेपण कमी आणि आईचा हुकूम जास्त होता. माझी आजी, म्हणजे आईची आई, अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेत रस्ते झाडायची. त्या पगारावर तिने आईला शिकवलं, आई मुख्याध्यापिका झाली, आणि मी जन्मले त्या दिवशी आईने जाहीर केलं की या घरातली मुलगी झाडू हातात धरणार नाही. त्यामुळे सकाळी बाबा झाडत, संध्याकाळी भाऊ. मी पाय वर घेऊन पलंगावर अभ्यास करायचे, आणि पलंगाखालचा केर ओढताना भाऊ जे बोलायचा ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आई ही गोष्ट परक्या माणसांत सांगत नसे. आजीबद्दल कुणी विचारलंच तर "नगरपालिकेत होती." कुठल्या खात्यात? "आरोग्य." इथे संभाषण थांबायचं, कारण आई ते थांबवायची. यात खोटं काही नव्हतं. रस्ते झाडणारे आरोग्य खात्यातच येतात.

अशी मी पीएचडीसाठी अमेरिकेत ॲन आर्बरला आले आणि सत्ताविसाव्या वर्षी पहिल्यांदा झाडू धरला, तोही वर्गणी भरून. लॅबमधल्या एका मुलीला कर्लिंगसाठी चौथी बाई हवी होती. कर्लिंग म्हणजे बर्फाच्या लांबलचक पट्टीवरून वीस किलोचा गुळगुळीत दगड सरकवायचा, आणि तो पलीकडच्या गोलात नेमका जाऊन थांबावा म्हणून दोघींनी त्याच्यापुढे पळत ब्रशने बर्फ घासायचा. घासलं की दगड लांब जातो, सरळही जातो. मला दगड टाकता यायचा नाही. माझा दगड शेजारच्या पट्टीवर जाऊन तिथल्या लोकांची विचारपूस करून यायचा. पण घासायला लागले आणि आमची कॅप्टन बघतच राहिली. "हे कुठे शिकलीस?" असं तिने विचारलं. रक्तातच आहे, असं म्हणायचा मोह झाला होता. पण नेमकं हेच वाक्य खोडून काढण्यात आमच्या तीन पिढ्या गेल्या होत्या, म्हणून पुढचा दगड घासायला पळाले.

पुढे मला इथेच युनिव्हर्सिटीत नोकरी लागली, पासपोर्ट बदलला, गुडघेही बदलून मिळावेत असं वाटू लागलं, पण खेळ सुटला नाही. आणि एका हिवाळ्यात आमची टीम क्लबांच्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत पोचली. मी पाचवी, म्हणजे राखीव. राखीव खेळाडूने बॅगा उचलायच्या, केळी सोलून द्यायची आणि कुणाला काही होऊ नये अशी प्रार्थना करायची. शेवटचं काम मी मनापासून करत होते, कारण नेमकी तेव्हाच आई माझ्याकडे आली होती.

त्याआधी ती तीन महिने कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला माझ्या भावाकडे होती. माझ्या खेळाबद्दल मी तिला अर्धंच सांगितलं होतं. बर्फावर दगड सरकवायचा, साधारण कॅरमसारखं. झाडण्याचा भाग मी गेली अकरा वर्षं वगळत आले होते. कपाटात तिला ब्रश सापडला तेव्हा मी "खेळातली काठी" म्हणाले. तिने काठीच्या टोकाचं फडकं दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि काठी परत कपाटात ठेवली. त्या रात्री भावाचा फोन आला.

"सांगून टाक तिला. नाहीतर मी सांगतो."

"तुला काय मिळणार आहे रे त्यातून?"

"दहा वर्षं झाडलंय मी यार. थोडं सॅटिस्फॅक्शन नको?"

मला रागाची भीती नव्हती. आईचा राग मी लहानपणापासून पचवत आले आहे. पण जी एक गोष्ट आपल्या आयुष्यात पूर्ण झाली असं तिला वाटतं, तीच मी परस्पर मोडून बसले आहे, हे तिला कळू नये असं फार वाटत होतं.

स्पर्धा दुसऱ्या गावी होती, म्हणून आईला बरोबर नेलं आणि पहिल्या दिवशी थंडीचं निमित्त करून मोटेलच्या खोलीतच बसवलं, पण दुसऱ्या दिवशी ती यायचंच म्हणाली. त्याच सकाळी, अकरा वर्षांत बर्फावर कधी न पडलेली आमची एक खेळाडू कॉफी आणायला जाताना मोटेलच्या पार्किंग लॉटमध्ये आपटली. मनगट टम्म सुजलं. तासाभरात मी पायांत खेळाचे बूट आणि हातात ब्रश घेऊन बर्फावर उभी होते, आणि काचेपलीकडे पहिल्या रांगेत दोन स्वेटर, शाल आणि माकडटोपी घालून आई बसली होती.

पहिला दगड सुटला. कॅप्टन पलीकडून ओरडली, "स्वीप! हार्ड! हार्डर!" मी घासू लागले. माझ्यावर कुणी असं ओरडलेलं आईने आजवर खपवून घेतलं नव्हतं. पाचवीत एका मास्तरांनी प्रयत्न केला होता, त्यांची बदली झाली. मी मान खाली घालून घासत होते आणि घामाने चष्म्यावर वाफ धरत होती. आई ताठ बसून बघत होती. शाळेत इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाकडे ती अशीच बघायची.

शेवटच्या डावात दोन्ही टीम बरोबरीत होत्या. आमचा शेवटचा दगड निघाला, आणि तो गोलाच्या मध्याजवळ पोचला की आम्ही जिंकणार होतो. अर्ध्या वाटेवर मी एकदाच मान वर केली. आईची खुर्ची रिकामी होती.

तेवढ्यात माझा ब्रश दगडाला लागला. नखाएवढा. जोडीला घासणाऱ्या बाईलाही दिसलं नाही. पण या खेळात चूक ज्याची त्यानेच सांगायची असते, पंचाने पकडायची वाट बघायची नसते. एक क्षण माझ्या मनात फार घाणेरडा विचार येऊन गेला. मग मी पायाने दगड अडवला आणि हात वर केला. दगड बाद झाला आणि आम्ही हरलो. कॅप्टनने जरा वेळ छताकडे पाहिलं. मग तिने ब्रश बगलेत धरला आणि समोरच्या चौघींशी हात मिळवायला गेली.

आई बाहेरच्या टेबलापाशी सापडली. आमच्या क्लबचे एक सहा फुटी आजोबा तिथे स्वयंसेवक होते, आणि आई त्यांना वर्गाबाहेर काढल्यासारखं उभं करून विचारत होती, "माय डॉटर इज पीएचडी. व्हाय यू आर गिव्हिंग हर स्वीपिंग?"

आजोबा नम्रपणे म्हणाले, "मॅम, शी इज व्हेरी गुड ॲट इट."

आईला ते प्रशस्तिपत्रक मुळीच आवडलं नाही. तिने मला बाजूला घेतलं.

"किती वर्षं चाललंय हे?"

"अकरा."

"पगार मिळतो?"

"नाही. आपणच वर्गणी भरायची."

आई बाकावर बसली. "माझी आई पगार घेऊन झाडायची," ती म्हणाली. "तू शिकलीस, आणि आता पैसे भरून झाडतेस." मला हसू आलं आणि त्याच वेळी जमिनीत जावंसंही वाटलं. मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "सॉरी मला काय म्हणतेस?"

या खेळात सामना संपला की जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना एका टेबलावर बसवून काहीतरी पाजायची पद्धत आहे. आईला एकटीला कुठे ठेवणार, म्हणून तिलाही घेऊन गेले. समोरच्या टीमची कॅप्टन साठीची, रुंद खांद्यांची बाई होती. तिने उठून आईला स्वतःची खुर्ची दिली. आईने गरम पाणी मागितलं आणि ते आलंही. मग त्या बाईने सहज विचारलं, तुमच्या घरात आधी कुणी खेळायचं का?

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण आईच बोलली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. "नो. माय मदर वॉज स्वीपर. ऑन द रोड. म्युनिसिपालिटी. ट्वेंटी एट इयर्स."

परक्या माणसांसमोर हे वाक्य मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. आता कुणीतरी मान तिरकी करून "ओ, हाउ इन्स्पायरिंग" म्हणणार याची मला खात्री होती, आणि तसं झालं असतं तर मी त्या टेबलावर भांडले असते. पण त्या बाईने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि विचारलं, "व्हिच शोल्डर?"

आई माझ्याकडे वळली. "काय म्हणते?"

"आजीचा कुठला खांदा दुखायचा, विचारतेय."

आईने गरम पाण्याचा कप खाली ठेवला. "उजवा," ती म्हणाली. "नोकरीची शेवटची दोन वर्षं तिला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. हात वर जायचाच नाही. शाळेत निघायच्या आधी मी घालून द्यायचे."

मी ते त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. आजी गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, सगळं लहानपण तिच्याजवळ झोपले होते, आणि हे मलाही आत्ताच कळत होतं. आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नव्हतं.