मेळाव्यातली शाल

'बारावीनंतर पुढे काय' असा मेळावा कॉलेजात भरवायची हौस मलाच होती. कळमनुरीत कोणी माझ्याकडं मागायला आलं नव्हतं. हिंगोली जिल्हा होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झालेली. जिल्हा नवा, म्हणून पदं नवी, अन् प्रत्येक पदाला एक शाल. हे गणित माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरला आधी सुचू नये, याला काय म्हणावं!

माझा सगळा जीव एका पोरीत अडकलेला. तांड्यावरची, सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली, अन् नर्स व्हायचंच म्हणून हटून बसलेली. तिचा बाप तांड्याचा नायक. मी घरी गेलो तेव्हा चहा पाजून त्यानं सरळ सांगितलं, "सर, रविवारी पाहुणे सुपारी फोडायला येऊन राहिले. शनिवारी तुमच्या मेळाव्याला येतो. ज्या बाईच्या हवाली लेकरू करायचं, तिच्या तोंडून ऐकू द्या. राहील कुठं, खाईल काय, रातच्याला दार कोण लावतं. पटलं तर पाहुण्याईला न्हाई म्हनतो."

इतकं सोपं होतं हो! नर्सिंग शिकवणाऱ्या एका बाईंना मी हातापाया पडून नांदेडहून बोलावलं. वसमतला जाऊन एकसारख्या तपकिरी, लाल काठाच्या शाली आणल्या. नारळ आणले.

शनिवारी बापलेक सकाळच्या गाडीनंच आले. मान्यवर मात्र दुपार कलल्यावर उगवले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अन् सुरू झाले सत्कार. यांच्या हस्ते त्यांचा, त्यांच्या हस्ते यांचा. ज्याचा सत्कार झाला तो दोन शब्द बोलणारच, अन् दोन शब्दांत 'आमच्या काळी' आलंच पाहिजे. नर्सिंगच्या बाई स्टेजवर कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर पर्स धरून बसलेल्या. मी प्राचार्यांच्या कानाशी लागलो, "सर, बाईंना आधी बोलू द्या. तांड्याची गाडी सुटेल."

"अहो, मान्यवर नाराज होतील. पोरं काय पळून चालली का?"

पुन्हा गेलो. पालथ्या घड्यावर पाणी. उलट त्यांची नजर लाल पागोट्यावर पडली. "ते नायक का? बोलवा, बोलवा वर. तांड्याचाही मान राहील." झालं! पोरीच्या बापाला शाल, नारळ, अन् खुर्ची कुठली? बाईंच्या शेजारची. हात लांबवला असता तर पदराला लागला असता. पण माईकवर भाषण चालू असताना स्टेजवर बोलायचं कसं? दोघंही नीट सावरून, पुढं बघत बसले. मी खाली उभा राहून नुसता चरफडत होतो. त्या वेळी तो माईक उचलून विहिरीत फेकावासा वाटला, खरं सांगतो.

गाडीची वेळ झाली तसा तो उठला, सगळ्यांना हात जोडून खाली उतरला. मी फाटकापर्यंत धावलो.

"बाबा, पाच मिनिटं थांबा. बाईंना खाली आणतो."

"भाषन चालू असताना बाईमानसाला उठवता? बरं दिसतं का? अन् ही गाडी गेली तर पोरीला घेऊन रातभर कुठं बसू?"

"मी सांगतो ना! होस्टेल आहे, वॉर्डन आहे, जेवण..."

"तुमी चांगलंच सांगनार, सर. तुमची लेक हाय का तिथं?" मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "पन लई मान दिला तुमी. आमच्या तांड्याला असं कोनी बोलवत न्हाई." पोरगी मागं उभी होती. एसटीत चढून खिडकीपाशी बसली.

बाई बोलायला उठल्या तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या अन् सतरंज्या गुंडाळणारे शिपाई. वरातीमागून घोडं! दार कोण लावतं, हे मी त्यांना मुद्दाम विचारलं. त्यांनी सगळं नीट सांगितलं. ते मी एकट्यानं ऐकलं. रविवारी सुपारी फुटली.

पुढच्या वर्षी मी शहाणा झालो. मार्गदर्शन आधी, सत्कार नंतर, असं ठरवून टाकलं. तर मान्यवर उशिरा आले, अन् त्यांच्याशिवाय सुरू करायची छाती कोणाची? धडा म्हणाल तर तेवढाच. माझं काही चाललं नाही, अन् चालणारही नव्हतं.

पहिल्या मेळाव्याच्या त्याच वर्षी, तुळशीचं लग्न झाल्यावर त्या पोरीचं लग्न लागायचं होतं. मी गेलो. मुहूर्त टळून गेलेला, नवरा-नवरी ताटकळत बसलेले, अन् मांडवात माईकवरून सत्कार चाललेले. मलाही पुकारलं. नायकानं माझ्या खांद्यावर शाल घातली. तपकिरी, लाल काठाची. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं काही नव्हतं त्यात.

आशीर्वाद द्यायला मी नवरीपुढं वाकलो. तिनं मान वर न करता हळूच विचारलं, "सर, आमी गेल्यावर त्या बाई काय म्हनल्या?"

मी तोंड उघडलं, तोवर माईकवरून पुढच्या पाहुण्यांना सत्कारासाठी बोलावलं अन् मला बाजूला व्हावं लागलं.