जाळ्यांच्या खोलीतली तपासणी

पनवेलच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तंत्रज्ञ आहे. शुगरमुळे डोळ्याच्या आतला पडदा खराब होतोय का, हे फोटो काढून वेळेत ओळखायचं, हे माझं काम. त्यासाठी हातातला कॅमेरा घेऊन मी मोरा बंदराजवळच्या कोळीवाड्याच्या समाजमंदिरात जाऊ लागले आणि पहिल्या दोन खेपांना हात हलवत परतले. फोटोसाठी डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हाव्यात म्हणून मी थेंब घालायचे. थेंब घातले की काही तास सगळं धूसर दिसतं. धूसर डोळ्यांनी कोयत्याने मासळी कोण कापणार? बायका बाटली बघूनच उठायच्या. मी मुळात तापट. तिसऱ्या खेपेला चांगलीच ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा मासळी विकणारी एक मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वरडतेस कशाला, बाय? आमच्या जाल्यांच्या खोलीत बसव. कालोखात मांजराचं डोलं मोठं होतात, आमचं नाय होनार?"

मला इतकी लाज वाटली! अंधारात पाच मिनिटं बसवलं तर बहुतेकांना थेंब लागत नाहीत, हे मी शिकले होते. समाजमंदिराच्या लख्ख उजेडात बसून तेच विसरले होते. जाळ्यांच्या खोलीचं दार लावलं आणि दुपारपर्यंत रांग हटेना.

पहिला फोटो मावशीचाच. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके होते, अगदी मध्याजवळ. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, लेझर केलं नाही तर हा डोळा जाईल. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवता येते.

"मना सगलं दिसतंय," म्हणत मावशीने साफ नकार दिला. या वेळी मी ओरडले नाही. चार दिवस सकाळी तिच्या मासळीच्या पाटीशेजारी बाजारात जाऊन बसले. "गिऱ्हाइकं पलवतेस," असं कुरकुरत शेवटी ती लेझरला आली.

वर्षाने दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. नजर तपासायच्या तक्त्यावरच्या खुणांची उघडी तोंडं कुठल्या बाजूला आहेत, ते बोटाने दाखवत ती गेल्या वर्षीच्याच ओळीवर थांबली. डॉक्टर खूश झाले. मावशी मात्र माझ्यावर उखडली.

"एवढं करून तेवढंच दिसतंय? मग तू केलंस काय?"

मला रडू फुटलं. आयुष्यात इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.

"तेवढंच दिसतंय, मावशी!" मी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडले. "तेवढंच!"