बिनखिळ्याच्या घरचं स्वयंपाकघर

त्याला सगळे बिनखिळ्या म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘मिस्त्री’. पण हे नाव त्याच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्याला ते आवडतही होतं. स्वयंपाकघरातली कपाटं करून देणारा सुतार तो, आणि त्याच्या कपाटांच्या सांध्यांत खिळा नाही की स्क्रू नाही. एका फळीच्या टोकाला कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, काढायचं, दुसरीत त्याच मापाची खाच कोरायची, मोगरीने हळूहळू ठोकत एकात एक बसवायचं आणि वरून लाकडाचीच पाचर मारायची. ड्रॉवरच्या कोपऱ्यांना कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात. दोन फळ्यांचं असं लग्न लागलं की घटस्फोट नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगे आणि त्यांच्याआधी स्वतःच हसे.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र कपाट नव्हतं. भिंतीला दोन उघड्या फळ्या, ओट्याखाली पत्र्याचे डबे आणि खोक्यांची चळत, डबे झाकायला एक जुना पडदा. बायकोने लग्नानंतर काही वर्षं आठवण करून दिली. “करू गं, हातातलं काम संपू दे,” हे त्याचं उत्तर. सुताराच्या हातातलं काम काही संपत नाही. पुढे तिने विचारणं सोडून दिलं, आणि ती गप्प झाली म्हणजे तिला गरज उरली नाही, असं त्याने सोयीने धरून टाकलं.

मग एक दिवस हेडबाई घरी आल्या. पलीकडच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. सगळी गल्ली त्यांना हेडबाईच म्हणे. त्यांच्या नव्या घराचं काम त्याच्याकडे होतं आणि त्या लाकूड बघायला आल्या होत्या. पाणी मागायला म्हणून सरळ आत गेल्या आणि पडद्यापाशी थबकल्या.

“मिस्त्री, हे तुमचं स्वयंपाकघर?”

एवढंच म्हणाल्या. हसल्याही नाहीत. पण त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दुसऱ्याच दिवशी त्याने घरात फळ्या आणून टाकल्या. बायकोला वाटलं, अखेर देवाने याला बुद्धी दिली. खरं कारण त्याने सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

काम त्याने जीव ओतून केलं, हे मात्र कबूल करायला हवं. बाहेरची खोली कारखाना झाली. रंध्यातून निघालेली भेंडोळी पायांत, अंथरुणात, पिठाच्या डब्यात. बायको खिडकीखाली एका टेबलावर शेगडी मांडून स्वयंपाक करी आणि ताटं पुसून पुसून वाढी. एकेक सांधा तो इतका घट्ट बसवी की फटीत केसही जाऊ नये. वरचं लांबलचक कपाट तर त्याने खिडकीच्या वरच्या कडेच्या रेषेत घेतलं. खिडकी, कपाट, दार, सगळं एका ओळीत.

“अहो, हे जरा खाली घेतलं तर?” तिने विचारलं होतं.

“खाली? अगं, रेषा तुटेल. कुणी बघितलं तर काय म्हणेल?”

“कोण बघणार आहे?”

“तू नको डोकं घालूस त्यात.” आणि त्याने रंधा पुन्हा सुरू केला. ती पुढे काहीतरी म्हणाली. रंध्याच्या खरखरीत ते ऐकू आलं नाही, आणि काय म्हणालीस म्हणून त्याने विचारलंही नाही.

त्याच सुमारास तिने केस कापून घेतले. लांब वेणीची बाई एकदम मानेपर्यंत. तो जेवताना म्हणाला, “काय हे, या वयात फॅशन?” ती म्हणाली, “उकडतं.” त्यावर तो चांगला आठवडाभर तिला ‘मॅडम’ म्हणत होता.

कपाटं झाली. तेल पाजून लाकूड असं उजळलं की खोलीत आणखी एक दिवा लावल्यासारखं वाटावं. त्याने हेडबाईंना मुद्दाम बोलावलं, त्याची मोठी वहिनीही आली. तो एकेक ड्रॉवर बोटाने ढकलून दाखवत होता. “बघा, आवाज आहे का? हात फिरवा, सांधा लागतो का?” हेडबाईंनी मनापासून हात फिरवला. वहिनी म्हणाली, “भावजी, आमच्याकडच्यापेक्षा हे सुंदर झालंय.” त्याची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

“अगं, चहा टाक. आणि नवे कप काढ, वरचे.”

बायकोने ओट्याखालून जुने कप काढले.

“हे नकोत गं. वरून काढ ना.”

“असू द्या हो, काय फरक पडतो.”

“फरक कसा पडत नाही? कपाट कशाला केलंय मग?” तो हसतच म्हणाला. “सवय नाही अजून तिला,” असं पाहुण्यांना सांगत त्याने स्वतः वरचं दार उघडलं.

आत काही नव्हतं. त्याने शेजारचं दार उघडलं, त्याच्या शेजारचंही. तेलाचा वास तेवढा बाहेर आला. खाली वाकून पाहिलं तर त्याने हौसेने केलेल्या खालच्या कप्प्यांत सगळं कोंबून भरलेलं, आणि जे मावलं नाही ते जुन्या खोक्यांत, जुन्याच पडद्याआड.

त्याचं डोकं फिरलं. समोर कोण आहे याचंही भान राहिलं नाही. “मी इथे हाडं झिजवली आणि तू खोकीच वापरतेस? माणसाच्या मेहनतीची काही किंमत? मुद्दाम करतेस ना हे, मला खाली बघायला लावायला?”

तिने गॅस बारीक केला.

वहिनी बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. “भावजी, तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. किती महिने झाले. तुम्हाला ठाऊक नाही?”

उघड्या दारावरचा त्याचा हात खाली आला.

“वेणी घालता येईना म्हणून केस कापले तिने. सुरुवातीला मी घालून देत होते, पण रोज कुणाला सांगणार? आमच्याकडे कपाट करताना तर तुम्ही मला भिंतीशी उभं केलं होतंत. ‘वहिनी, हात वर करा, टाचा उचलायच्या नाहीत,’ म्हणून पेन्सिलीने खूण केली होतीत. हिला नाही केलंत?”

“मलाही केलं होतं तसं,” हेडबाई म्हणाल्या आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

गावभरच्या बायकांचे हात त्याने मोजले होते. कोण डावखुरी, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला वाकवत नाही, सगळं विचारून घेतलं होतं. घरातल्या बाईला ‘डोकं घालू नकोस’ म्हणाला होता. त्याला ‘मॅडम, मॅडम’ म्हणून केलेली चेष्टा आठवली आणि अंगावर कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं उगाच म्हणत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळलं. पाहुण्यांनी चहा भराभर संपवला. जाताना कुणीच कपाटांबद्दल बोललं नाही.

त्या गेल्यावर तो म्हणाला, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं. तुम्ही रंधा मारत होता.”

त्याने उठून वरच्या कपाटाला हात घातला. “आत्ता खाली उतरवतो.”

“आता नको. पुन्हा भुसा नको घरात. दमलेय मी.” मग कप विसळता विसळता, “आणि असं तोंड करून बसू नका. तुमची समजूतही मीच काढायची का?”

हे त्याला वहिनीच्या बोलण्यापेक्षा खोल लागलं.

तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, “झोपेत कुशीवर वळताना दुखतं का यांना? रात्री जाग येते?” त्याने बायकोकडे पाहिलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. “येते,” तीच म्हणाली, “मग मी उठून बसते.” शेजारी तो गाढ घोरत असणार, हे तिघांनाही समजलं. सांधा आखडलाय, व्यायाम करावा लागेल, वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सांध्यांबद्दल आपल्याला सगळं कळतं असं मानणारा तो माणूस मान खाली घालून ऐकत राहिला.

मग तिने होकार दिल्यावरच त्याने कपाट उतरवलं. ते कापून त्याची दोन बुटकी कपाटं करायची होती. एक ओट्याच्या टोकाला, एक खिडकीखाली. पण सांधे सुटेनात. त्याने पाचर उपटून पाहिली, उलट्या बाजूने मोगरी मारून पाहिली. फळ्या हलल्या नाहीत. शेवटी स्वतःच्या उत्तम कामावर स्वतःच करवत चालवली. वरची भिंत मोकळी राहिली, आणि तिथे रंगाचा वेगळाच पट्टा दिसू लागला.

काही दिवसांनी हेडबाई त्यांच्या कामाचं विचारायला आल्या. त्यांची नजर त्या पट्ट्यावर गेली. त्यांना सगळं माहीत होतं, हे त्यालाही माहीत होतं, तरी तोंडून गेलंच, “भिंतीत ओल निघाली हो. लाकूड खराब झालं असतं.”

बायको मोरीतून हात पुसत आली. “ओल कसली. मला पोचत नव्हतं म्हणून उतरवलं त्यांनी.” आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. जे होतं ते सांगितलं आणि हेडबाईंना बसायला खुर्ची दिली. तो खिडकीखालच्या कपाटाच्या काठावरून उगाच बोट फिरवत राहिला. खोटं बोलतानाही आपण दोष स्वतःवर न घेता भिंतीवर ढकलला, एवढी अक्कल त्याला नंतर आली.

व्यायामाचा एक प्रकार असा होता, की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत चालवत हात वर न्यायचा. ती रोज दुपारी करी. दात आवळलेले, डोळे मिटलेले. बोटं मुंगीसारखी चढत आणि एका जागी अडत. पहिल्यांदा त्याने ते दारातून पाहिलं, तेव्हा त्याला आत जाववेना आणि तिथून हलवेनाही. धीर करून तो जवळ गेला. कोपराखाली आधार द्यावा, म्हणून हात पुढे केला. पण हात लावायचा आपल्याला हक्क आहे का, हेच कळेना. हात तसाच हवेत राहिला.

तिने डोळे उघडले.

“बाजूला व्हा थोडे. उजेड अडतोय.”

तो बाजूला झाला. पण खोलीतून गेला नाही.