शेठांचा सभ्यपणा

आमच्या शेठांइतका मायाळू आणि त्यांच्याइतका ओरडणारा मालक रत्नागिरी बंदरावर दुसरा झाला नाही. मच्छीमार नौकांची इंजिने दुरुस्त करण्याचा त्यांचा कारखाना. सुट्या भागांचे कोठार माझ्याकडे होते. शेठ प्रत्येकाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारीत आणि त्याच दमात झाडीत. "ए गुहागर, मेल्या, पाना कुठं टाकलास?" अशी हाक ज्याला आली, त्याने आपण या कारखान्याचे झालो असे समजावे.

मग केळशीची एक मुलगी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे काम शिकून आमच्याकडे लागली. तिला येथे परके वाटू नये, या चिंतेने शेठांची झोप उडाली. त्यांनी तिला गादीची खुर्ची दिली, चहा कपबशीतून दिला, काम केवळ फिल्टर धुण्याचे दिले आणि सर्वांनी तिला 'मॅडम' म्हणावे असा हुकूम काढला. तिच्यासमोर शिवी वर्ज्य ठरली. गंजलेला बोल्ट शिवीवाचून सुटत नाही, अशी आमच्या कारागिरांची श्रद्धा. ते धक्क्यावर जाऊन शिवी देत आणि तिचा गुण उतरण्यापूर्वी धावत येऊन पाना फिरवीत. शेठांनी तर आपली ओरडच गिळली. त्यांना पित्त झाले.

एके सकाळी ती म्हणाली, "शेठ, महिनाअखेर मी काम सोडते."

"कोणी काय बोलला काय?" शेठ हादरले.

"कोणी बोलतच नाही. पाहुणी म्हणून किती दिवस बसू?"

"मग मी करू तरी काय?"

"त्या ट्रॉलरच्या इंजिनाला हात लावू द्या. चुकलं, तर ह्यांना झाडता तसं मला झाडा."

दुपारी ती इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे जड झाकण, बसवू लागली. त्याचे बोल्ट मधून सुरुवात करून आवळायचे असतात; तिने कडेपासून आरंभ केला. शेठ लाल झाले. "मॅडम, कृपया..." एवढे म्हणताच त्यांना ठसका लागला. मग छपराचे पत्रे थरथरले.

"अगो केळशी! लोणच्याची बरणी वाटली काय ही? सगळे सोड नि मधनं आवळ!"



"सोडते, शेठ," ती म्हणाली. आणि अडून बसलेल्या एका बोल्टला तिने अशी शिवी घातली, की गुहागरकराने हातातला पाना खाली ठेवला. "ही आमच्याकडे नाय," तो आदराने म्हणाला. बोल्ट सुटला.

हल्ली वयामुळे शेठांचा आवाज बसला आहे. कारखान्यात ते क्वचितच येतात. ट्रॉलरचे इंजिन सुरू झाले त्या सायंकाळी त्यांनी तिची स्तुती केली नाही. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "सकाळी वेळेवर उघड."