हेदवीच्या माजघरातला कवडसा

मंडळी, माझा भुताखेतांवर विश्वास नाही आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या. सावर्ड्यात हायवेला लागून माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे बसून गेल्या तीस वर्षांत मी ज्या थापा मारल्या त्या एकावर एक रचल्या असत्या तर वाशिष्ठीवर आणखी एक पूल झाला असता. बुरोंडीला मी एकदा सुरमई पकडली होती, ती दरवर्षी वीतभर वाढते असं बायको म्हणते. आमच्या पट्ट्यातले निम्मे मुंजे आणि वळणावळणावरच्या पांढऱ्या साड्या मीच तयार करून सोडल्यात... त्यामुळे असल्या गोष्टी कशा बनतात ते मला पक्कं ठाऊक आहे. ही मी बनवलेली नाही. एखाद्या ठिकाणी बोटभर वाढलं असेल तर तो सवयीचा दोष समजा.

माझी थोरली बहीण सुमनताई हेदवीला दिली होती. दशभुजा गणपतीच्या देवळाकडून समुद्राकडे उतरलं की डाव्या हाताला तिचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर, आणि स्लॅब काय तो न्हाणीवर. भावोजी एसटीत कंडक्टर होते. घर त्यांनी नोकरीत असताना स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं.

ताई दोन वर्षांपूर्वी गेली. भावोजी एकटे राहिले. मुलगा प्रसाद पुण्यात. गेल्या दिवाळीनंतर भावोजी विहिरीच्या पायरीवर घसरले आणि अर्धा दिवस तिथेच पडून होते. शेजारीण पाण्याला आली म्हणून कळलं. मानेला पट्टा बसला तो अजून आहे. खाली बघता येतं, समोर बघता येतं, मान वर काही होत नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आता एकट्याने राहायचं नाही, पुन्हा पडलात तर उठणार नाही. भावोजी हो-नाही करत तयार झाले. हेदवीचं घर विकायचं, त्यात भर घालून प्रसाद एक खोली जास्त असलेली जागा घेणार, आणि ती खोली भावोजींची.

पण घर काही जाईना. देवळात आलेली पुण्या-मुंबईची माणसं वाकडी वाट करून बघायला यायची, अंगण आवडायचं, समुद्राचा आवाज आवडायचा. आत आली की म्हणायची, अंधार फार आहे हो. दुसरा प्रश्न, लाईटचं बिल किती येतं? तिसरा, उन्हाळ्यात तापतं का? हल्ली घर घेणारा माणूस देवघर बघत नाही, मीटर बघतो.

मग मी पदर खोचला. म्हटलं, भावोजी, पंधरा दिवस द्या. थोडक्या खर्चात असं करून देतो की गिऱ्हाईक बेड्यातच, अंगणाच्या फाटकापाशीच, सही करील.

आणि केलं. न्हाणीच्या स्लॅबवर चुन्यात पांढरं सिमेंट कालवून दोन हात मारले. न्हाणी एवढी गार पडली की भर एप्रिलात मी मफलर गुंडाळून अंघोळ केली. मागच्या पडवीचे पत्रे पांढरे केले. स्वयंपाकघराची एक खिडकी कित्येक वर्षं खिळे मारून बंद होती, ती उघडून जाळी बसवली. समुद्राचा वारा आत शिरला आणि डब्यांची झाकणं वाजायला लागली. जुने पिवळे बल्ब काढून एलईडी लावले, पंखे कमी वीज खाणारे आणले. राहिलं माजघर. त्याला चारी बाजूंनी खोल्या, खिडकी कुठून काढणार? भर दुपारीही दिवा लावल्याशिवाय हात दिसायचा नाही. त्यावर उपाय एकच, आणि सगळ्यात स्वस्त. वरची चार मातीची कौलं काढायची आणि तिथे काचेची घालायची.

इथे मला थोडं थांबायला पाहिजे. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

काचेचं कौल ताईने वीस वर्षं मागितलं होतं. तांदूळ निवडायचे तर ती सूप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची, कारण माजघरात खडा कुठला नि दाणा कुठला कळत नसे. दर भाऊबीजेला म्हणायची, विलास, तुझ्याकडे असतील तर दोन कौलं आण रे काचेची. मी हो म्हणायचो, ओवाळून घ्यायचो, ताटात साडी ठेवायचो आणि परत यायचो. कौलं दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेली असायची. भावोजींचं म्हणणं, वानरं फोडतील, पावसात गळेल. ते तसं म्हणाले की मला आतून बरंच वाटायचं... आणायचं राहिलं ते माझ्यामुळे नाही, असं.

शेवटचे पाच महिने ती माजघरातच होती. खाली गादी घातलेली, भिंतीकडे उशी. दिवसा तिला दिवा लागायचा. भावोजी येता-जाता बटण बंद करायचे. दुष्टपणा नव्हता हो, हाताची सवय. दिवसाढवळ्या दिवा कशाला. त्यांच्या हाताला ते कळतही नसे. ताई काही बोलायची नाही. मी दोनदा डोळ्यांनी बघितलं. आणि काय केलं? विनोद केला. म्हटलं, "भावोजी, तुमच्या घरात अंधारसुद्धा तिकीट काढून बसतो." सगळे हसले. ताईही हसली.

असो.

एक गडी हाताशी घेऊन सकाळच्या वेळात मी चारही कौलं बसवली. खाली उतरून बघतो तर जमिनीवर उन्हाचे चार चौकोन, आणि माजघर असं उजळलेलं की कोपऱ्यातली कोळिष्टकं लाजली. भावोजी दारात उभे होते. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढंच काम होतं काय?"

मी शिडी आवरायला लागलो.

तिसऱ्या दिवशी दुकानात फोन आला. भावोजी म्हणाले, "विलास, एक कवडसा हलत नाय."

मला हसू आलं. म्हटलं, भावोजी, मी कौलांचा व्यापारी, तक्रार सूर्याकडे करा. पण फोन ठेवला आणि मला ते खटकलं. हा माणूस दहा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली असताना साडेदहा म्हणत नाही. थापा मारायचं खातं आमच्या घरात माझं, त्यांचं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढून गेलो. खडूने चारही चौकोन आखले. सकाळी नऊला, मग बाराला, मग तीनला. तीन कवडसे शहाण्यासारखे सरकत गेले. पश्चिमेकडून निघाले ते दुपारनंतर पूर्वेच्या भिंतीला लागले. चौथा नऊला जिथे होता तिथेच तीनला. खडूची रेघ एका केसाने ओलांडलेली नाही. संध्याकाळी बाकीच्यांबरोबर विझला, सकाळी बाकीच्यांबरोबर उगवला, तिथेच.

माझ्या डोक्यात पहिलं आलं, काचेत खोट असणार. वर चढून ते कौल काढलं, दुसऱ्याच्या जागी घातलं, दुसरं इथे आणलं. काही फरक नाही. काच बदलली तरी जागा तीच. आणि ती जागा कुठली ते तुमच्या लक्षात आलंच असेल. उशीची.

आम्ही दोघांनीही ते उच्चारलं नाही. मी हायवेवरच्या वर्दळीच्या, हवामानाच्या गप्पा मारल्या. भावोजी पाट घेऊन त्या चौकोनाशेजारी बसले ते जेवायलाही तिथेच.

पुढच्या आठवड्यात पुण्याचं जोडपं आलं. चांगली माणसं. होमस्टे करायचा होता त्यांना. अकरा वाजता घर बघितलं. साहेबांनी पंखे, दिवे, बिल सगळं विचारलं. बाई माजघरात उभ्या राहून म्हणाल्या की एवढ्या जुन्या पद्धतीच्या घरात असा उजेड त्यांनी बघितला नव्हता. मी मनात पेढे वाटले. देवदर्शन आणि जेवण करून तीनला पुन्हा एकदा बघायला आले. आणि बाईंची नजर जमिनीवर गेली.

"हे ऊन मघाशी इथेच होतं ना?"

मंडळी, माझ्याकडे थाप तयार होती. म्हटलं, मॅडम, ही खास काच आहे, ऊन धरून ठेवते, परदेशी पद्धत... बाई मान डोलवायला लागल्याही होत्या. तेवढ्यात पाटावरून भावोजी बोलले.

"तो खोटं सांगतोय. इथं माझी बायको पाच महिने पडून होती. तिला उजेड हवा असायचा. मी बटण बंद करायचो."

बाईंचा एक पाय त्या चौकोनात होता, तो त्यांनी हळूच मागे घेतला. साहेब मोबाईल बघायला लागले. पाच मिनिटांत गाडी गेली. मी कपाळावर हात मारून घेतला. गेलं म्हटलं घर.

पण नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. घर घ्यायचंय, असल्या गोष्टी आम्ही मानत नाही, उजेड मात्र फार सुंदर केलाय तुम्ही. मी उड्या मारतच हेदवी गाठली. भावोजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, विकायचं नाही.

मी भांडलो. डॉक्टर काय म्हणाले त्याची आठवण करून दिली, पायरी दाखवली, विहीर दाखवली, प्रसाद रात्र-रात्र झोपत नाही ते सांगितलं. म्हटलं, ती माझी बहीण होती, तिला तुम्ही असं एकटं मरायला बसलेलं आवडलं असतं काय?

भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले, "तिला आत्ता कुठे उजेड मिळाला. टाकून जाऊ कुठं?"

प्रसादला फोनवर सगळं सांगितलं. तो हुशार मुलगा, त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "मामा, कौल तुम्ही बसवलंत. तुम्हीच काढा. कवडसाच नसेल तर बाबा निघतील."

मला ते पटलं. खरंच सांगतो, पटलं. भावोजी जिवंत राहायचे तर तो चौकोन जायला हवा होता.

गुरुवारी भावोजींना मानेसाठी गुहागरला दाखवायचं होतं. शेजाऱ्याच्या रिक्षाने गेले. मी नळ गळतोय असं सांगून मागे राहिलो. सकाळचे अकरा, ऊन असं की कौलांवर पापड भाजावा. चढलो. त्या जागेवरचं काचेचं कौल उचललं आणि बरोबर आणलेलं मातीचं कौल तिथे बसवलं. दाबून बघितलं, आजूबाजूची कौलं चाचपली. फट नाही. काचेचं गोणपाटात गुंडाळून खाली उतरलो, हातपाय धुतले आणि माजघरात गेलो.

वर बघितलं. त्या टोकाला सगळी कौलं काळी, एकसारखी.

खाली चौकोन होता.

मी गुडघ्यावर बसलो आणि त्यात हात घातला. हातावर ऊन पडलं. ऊबही लागली. हात तसाच ठेवून पुन्हा वर बघितलं... कौलं. उजेड येतोय कुठून ते दिसेना, पण माझ्या हाताची सावली मात्र जमिनीवर नीट पडली होती, पाचही बोटं. माझं तोंड माझ्या आईलाही कधी बंद करता आलं नाही. त्या दिवशी मला गुरुजी मारत असल्यासारखं मुकाट बसावं लागलं.

रिक्षा आली. भावोजी काठी टेकत आत आले, पाट ओढून जागेवर बसले. चौकोनाकडे बघितलं.

"वर चढलेलास काय रे?" म्हणाले. "काच पुसलीस वाटतं. आज लख्ख पडलाय."

मी होय म्हटलं.

याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. चिपळूणच्या एका विज्ञानाच्या सरांना विचारलं. म्हणाले, कुठून तरी परावर्तन होत असेल, कौलात फट असेल. त्यांना म्हटलं, एकदा येऊन बघा. अजून आले नाहीत. तुमच्यापैकी कुणाला सांगता आलं तर सांगा. पण 'काका, मस्त रंगवलंत' असं नका लिहू, या एका वेळी नको.

काचेचं कौल दुकानात आहे, गोणपाट अजून सोडलेलं नाही. प्रसाद दर रविवारी विचारतो, मामा, काढलंत का? मी म्हणतो, काढतो रे, पावसाच्या आधी काढतो. काढलं असं सांगितलं तर तो विचारणार, मग बाबा येत का नाहीत? पुण्याच्या बाईंचाही परवा फोन येऊन गेला, त्यांचा विचार अजून तोच आहे. भावोजींचाही तोच.

मी रोज दुपारी हेदवीला फोन लावतो. रिंग वाजत राहते तेवढा वेळ मला दुकानात समोर उभं असलेलं गिऱ्हाईक दिसत नाही. मग भावोजी उचलतात. मी विचारतो, आहे का?

ते म्हणतात, आहे.