मोठीमायचा कडू घास

कुणाच्या घरी मयत झाली की मोठीमाय आधी आपली चूल पेटवायची. रडणं नंतर. पिठलं, तव्याएवढ्या चार भाकरी, सगळं धुतलेल्या फडक्यात बांधून ती निघायची. ज्या घरातलं माणूस गेलं तिथं त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेला कडू घास घरच्यांनी कसाबसा गिळायचा, ही आमच्याकडची रीत. बाकीच्या बाया ती उरकून टाकत. मोठीमाय भाकरी कुस्करून, समोरच्याची हनुवटी धरून भरवायची. "रडजो मंग. पोट खाली असलं तं रडनंही धड होत नाही, बाप्पा." घास गिळला गेला की मग स्वतः ओक्साबोक्शी रडायची. त्या घरात ती पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही.

ही माझी मोठी चुलती. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हाचा कडू घास मला मोठीमायनंच भरवला आणि मॅट्रिक होईपर्यंत चांदूर बाजारला ती भरवतच राहिली. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. एवढं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कुणाचं चांगलं मत व्हायला नको.

साठीच्या जवळ आली आणि ती बिघडली. 'बिघडली' हा शब्द आमच्या शहाण्या नातेवाइकांचा. शेजारची गंगाबाई आपला नवरा कसा गेला ते सांगत होती, तर मोठीमाय मध्येच म्हणाली, "तुये कानातले भारी हायेत वं. कोन्या सोनाराचे?" गल्लीतलं एक लेकरू पडून डोकं फुटलं, त्याला ओलांडून ती घरात आली. "रक्त निंगून राहिलं त्याचं," म्हणाली. आभाळ आलंय सांगावं तसं. आणि ढेपेचा गूळ फोडून खात बसली.

ती विसरू लागली असती तर लोकांनी कीव केली असती. म्हातारं माणूस विसरायला लागलं की त्याला माफ करायची सोय आपल्याकडे आहे. पण हिला गावातली नावं, लग्नं, बाळंतपणं तोंडपाठ. त्यामुळे निकाल झटपट लागला. "याद तं साऱ्याइची हाय बुढीले," गंगाबाईच म्हणाली, "मंग हे सोंग नाही तं काय? मस्ती आली तिले!" आयुष्यभर जिच्या हातचे घास गिळले, तिला मस्तवाल ठरवायला गावाला एक हंगाम पुरला.

गावाचं सोडा. मी अमरावतीला हायस्कुलात शरीरशास्त्र शिकवणारा मास्तर होतो. रंगीत खडूनं फळ्यावर मेंदू काढायचो. मोठा मेंदू, लहान मेंदू, लंबमज्जा. मोठ्या मेंदूची कामं कोणती? स्मृती, विचार, भावना. पोरांकडून घोकून घ्यायचो, 'भावना' लिहायची राहिली तर अर्धा गुण कापायचो. मोठीमायविषयी माझं मत गंगाबाईचंच होतं.

मग माझी दोन वर्षांची मुलगी घटसर्पानं गेली. सकाळी तिला पुरून आलो आणि दुपारच्या मोटारीनं मोठीमाय आली. हातात तेच फडकं. माझी बायको सुशी भिंतीला टेकून बसली होती. मोठीमाय तिच्या पुढ्यात बसली, गाठ सोडली, भाकरी कुस्करली, पिठल्यात कालवून घास केला. सगळं रीतीप्रमाणे. सुशीनं तोंड उघडलं. घास वळला आणि मोठीमायच्या तोंडात गेला. मग दुसरा. चारही भाकरी तिनं आमच्यासमोर संपवल्या.

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली. मग कोपऱ्यात नजर गेली. "पोरगी तं मेली. पाळना मले दे, कांदे ठेवाले कामी येईन."

मी तिला दंडाला धरून अंगणात काढलं. "मोठीमाय, आमच्यासाठी तू मेली. या दारात पाय ठेवजो नोको."

"बरं," ती म्हणाली. "चांदूरची मोटर किती वाजता हाय?"

मला तो टोमणा वाटला.

सहा महिन्यांनी तिच्या भावाचं नांदगाव खंडेश्वरहून पत्र आलं. बाईला गावात कुणी दारात उभं करत नाही, मी आणून गोठ्याच्या पडवीत ठेवली आहे, तुम्हाला तिनं वाढवलं, घेऊन जा. सुशी म्हणाली, "आना त्याइले. मी पाहीन." जिच्या तोंडचा घास गेला होता ती हे म्हणाली. मी तिला न सांगता पोस्टकार्ड टाकलं. 'माझी मोठीमाय वारली आहे.' अक्षर सुवाच्य, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. दोन हिवाळे त्या पडवीत काढून मोठीमाय खरोखरच वारली.

पुढे काही वर्षांनी शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना घेऊन अकोल्याला डॉक्टरकडे गेलो. त्यांचंही तसंच, सगळं आठवायचं आणि कुणाचंच काही वाटायचं नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "काहींचा मेंदू असा पुढच्या बाजूनं वाळत जातो. आठवण बराच काळ टिकते. समोरचा रडतोय हे त्यांना दिसतं, पण आत पोचत नाही. रीत हाताला पाठ असते, गुरुजी. कळवळा कुठून आणतील?" मी मान डोलावली. जाणकारासारखी.

आता तेच नातेवाईक लग्नाकार्यात तिच्या आठवणी काढून डोळे पुसतात. पुसोत बिचारे. मला मात्र एक सांगायचं राहिलं आहे, जे मी सुशीलाही सांगितलेलं नाही.

मोठीमाय वारल्याचं कळलं त्या दिवशी नांदगावला जाऊन मी तिला अग्नी देऊन आलो आणि पडवीतल्या तिच्या रिकाम्या बाजेजवळ बसलो. शेजारच्या एका अनोळखी बाईनं कडू घास आणला. माझी हनुवटी धरली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "खाय भाऊ, एक तरी घास खाय." मी खाल्ला. मग दुसरा. सकाळपासून चांगली भूक लागली होती. पिठलं झणझणीत होतं, मीठही बरोबर पडलं होतं. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.

माझा मेंदू अगदी धडधाकट होता.